घडीच्या चाकूचा खटका वारंवार सुटत असेल तर : कोणत्या क्रमाने तपासावे आणि कुठे थांबावे

गेली अनेक वर्षे माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या घडीच्या चाकूंमध्ये एकच तक्रार सर्वाधिक असते. पाते उघडल्यावर खटका बसतो, टक् असा आवाजही येतो, परंतु काम करताना कधीतरी तो अचानक सुटतो आणि पाते बोटांवर मिटते. हे चाकू मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांचे असतात. काही सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्यांचे, तर काही कोकणातल्या रोपवाटिकांत कलमे बांधणाऱ्यांचे. दोघांच्याही चाकूंत दोष बहुधा सारखाच निघतो आणि दोघेही तो घालवण्यासाठी बहुधा एकच चूक करून आलेले असतात. चाकू स्वच्छ करण्याआधीच त्यांनी स्क्रू आवळलेला असतो.

तपासणीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ठामपणे सांगणे मला आवश्यक वाटते. कलमाच्या कित्येक चाकूंना खटकाच नसतो, पाते केवळ पाठीकडच्या स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते, आणि तरीही अशा चाकूने हंगामात रोज शेकडो काप घेणाऱ्या माणसाची बोटे शाबूत असतात. आपले पाते मिटू शकते हे त्याच्या हाताला ठाऊक असते, त्यामुळे तो पात्याच्या पाठीवर कधीच जोर येऊ देत नाही. दहा वेळा धरणारा आणि अकराव्या वेळी सुटणारा खटका मात्र खटका नसण्यापेक्षा अधिक घातक असतो, कारण त्याच्या भरवशावर आपण टोक खुपसतो, लाकडात पाते अडकल्यावर ते हिसकून काढतो. म्हणून खटका एकदाही आपोआप सुटला असेल, तर खालील तपासणी पूर्ण होईपर्यंत तो चाकू वापरातून बाजूला ठेवावा.

लक्षणे नीट ओळखावीत

'लॉक खराब झाले' या एका वाक्यात लोक चार-पाच वेगवेगळे दोष सांगतात, आणि प्रत्येकाचे कारण निराळे असते. पाते उघडे असताना ते डावी-उजवीकडे डुगडुगते का, हे पहिल्यांदा पाहावे. त्यानंतर ते वर-खाली, म्हणजे पाठीकडून धारेकडे, हलते का ते पाहावे. या दोन हालचालींत गल्लत करू नये. पहिली बहुतेक वेळा मुख्य स्क्रू ढिला झाल्याची खूण असते, तर दुसरी खटका आणि पात्याचे बूड (मुठीत राहणारा पात्याचा मागचा भाग) यांच्यामध्ये फट पडल्याची. तिसरे लक्षण म्हणजे खटका उशिरा किंवा अर्धवट बसणे. चौथे म्हणजे तो इतका घट्ट बसणे की सोडवताना अंगठा दुखावा. पाचवे लक्षण फसवे असते. एरवी सर्व ठीक वाटते, पण मूठ करकचून धरली किंवा मनगट पिळले की खटका सुटतो.

हे तपासण्यासाठी पात्याच्या धारेवर जाड पुठ्ठ्याची पट्टी बसवून ती चिकटपट्टीने तीन-चार वेढ्यांत पक्की करावी. मूठ दोन्ही बाजूंनी तळहात आणि अंगठा यांच्यामध्ये अशी धरावी की एकही बोट पात्याच्या खाचेसमोर राहणार नाही, आणि मग पात्याची पाठ लाकडी पाटाच्या कडेवर टेकवून हळूहळू दाब वाढवावा. दाब कायम ठेवून मूठ किंचित पिळूनही पाहावी. काही जण पात्याची पाठ टेबलावर जोरजोराने आपटून चाचणी घेतात. तसे करू नये. त्या आघातांनी चांगल्या खटक्याची टेकण्याची कडही चेपते, आणि मग दोष आधीचा होता की चाचणीने निर्माण झाला हे कळेनासे होते.

पहिली तपासणी : पकड

याला एक पैसाही लागत नाही, म्हणून ही सर्वांत आधी. बॅक लॉक प्रकारात मुठीच्या पाठीवर एक दांडी असते, तिचे पुढचे टोक पात्याच्या बुडातील खाचेत बसते आणि मागची बाजू दाबली की ते उचलले जाऊन पाते सुटते. अमेरिकेतील बक कंपनीच्या 110 या चाकूने 1964 च्या सुमारास ही रचना घरोघरी पोहोचवली. त्या चाकूत सोडवण्याची जागा मुठीच्या अगदी मागे आहे. पुढे अनेक उत्पादकांनी ती मुठीच्या मध्याकडे आणली, जेणेकरून एका हाताने चाकू मिटवता यावा. मात्र त्यामुळे मूठ आवळली की तळहाताचा मांसल भाग नेमका त्याच जागी दबतो. डेव्हिड बॉय या अमेरिकी चाकू कारागिराने या दांडीला तिथे एक उथळ खोलगट आकार दिला, तो याच कारणाने. हाताचा मांसल भाग त्या खोलग्यावरून जातो आणि दांडी दबत नाही. आपल्या चाकूच्या दांडीला असा खोलगा नसेल आणि खटका केवळ घट्ट धरल्यावरच सुटत असेल, तर दोष झिजेचा नाही, रचनेचा आणि पकडीचा आहे. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली एक लवचीक धातूची पट्टी पाते उघडताच त्याच्या बुडामागे सरकते आणि ते अडवून धरते. तिथेही मूठ पिळताना तर्जनीचे पेर या पट्टीला बाजूला ढकलते. अशा वेळी पकड बदलून पुन्हा तीच चाचणी घ्यावी.

दुसरी तपासणी : कचरा, आणि विशेषतः चीक

माझ्याकडे येणाऱ्या चाकूंपैकी निम्म्याहून अधिक इथेच बरे होतात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाते अर्धे उघडून खाचेत टॉर्चचा उजेड टाकावा. बॅक लॉकच्या खाचेत खिशातल्या सुताचा भुगा दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट बसलेला आढळतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरची असली तरी दांडीचे टोक तेवढेच वर राहते, आणि खटका खोलवर बसण्याऐवजी केवळ कडेवर टेकून राहतो. आवाज मात्र नेहमीसारखाच येतो, आणि माणूस फसतो तो इथेच. लाकडी दातकोरणे आणि जुना दातांचा ब्रश घेऊन हा भुगा उकरून काढावा. सुई किंवा पोलादी टोच वापरू नये, कारण तिने टेकण्याच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात.

कलमांच्या चाकूंत वेगळा प्रकार दिसतो. कोय कलमांचा हंगाम ऐन पावसाळ्यातला, हवेत दमटपणा, आणि आंब्याच्या प्रत्येक कापाबरोबर थोडा चीक पात्यावरून ओघळत बुडापर्यंत जातो. तिथे तो वाळतो आणि लाखेसारखा कडक होतो. फणस कापलेल्या चाकूची गत याहून वाईट होते, कारण फणसाचा चीक रबरासारखा ताणला जातो आणि पाण्याने मुळीच निघत नाही. अशा चाकूची लायनर पट्टी चिकामुळे मधेच अडकून राहते आणि पात्याच्या बुडामागे पुरेशी सरकत नाही. उपाय आपल्या घरातलाच आहे. फणस कापण्यापूर्वी आपण हाताला तेल लावतो, कारण चीक तेलात सुटतो. सांध्यात तेलाचे चार थेंब सोडून अर्धा तास थांबावे, पाते वीस-पंचवीस वेळा उघडझाप करावे, बाहेर आलेला मळ कापडाने पुसावा, आणि नंतर कोमट पाणी व भांडी घासण्याचा द्रव वापरून सगळा चाकू धुवावा. हट्टी थर असेल तर कापडाच्या टोकावर थोडे रॉकेल घ्यावे, विस्तवापासून दूर, आणि त्यानंतर साबणाने पुन्हा धुवावे. मूठ लाकडाची किंवा शिंगाची असेल तर चाकू पाण्यात बुडवू नये, ओल्या ब्रशवर काम भागवावे. धुतल्यावर पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे, कारण पाते स्टेनलेस असले तरी आतली स्प्रिंग बऱ्याचदा तितक्या गंजरोधक पोलादाची नसते.

तिसरी तपासणी : तेल कोणते, आणि कुठे

चीक काढण्यासाठी वापरलेले खोबरेल सांध्यात तसेच ठेवणे ही एक जुनी आणि महागात पडणारी सवय आहे. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. रत्नागिरीत किंवा मालवणात वापरताना ते जाणवत नाही, परंतु तोच चाकू घेऊन माणूस डिसेंबरात गडावर मुक्कामाला गेला की पहाटे सांध्यातले तेल मेणासारखे होते, पट्टी सुस्तपणे सरकते आणि खटका अर्धवट बसतो. दुपारी ऊन झाले की सगळे पूर्ववत होते. 'कधी होते, कधी होत नाही' अशा तक्रारी घेऊन आलेल्यांना मी हल्ली आधी तेलाविषयीच विचारतो. शेंगदाणा आणि तिळाची तेले गोठली नाहीत तरी हवेने हळूहळू चिकट होत जातात. शिलाई यंत्राचे हलके खनिज तेल सगळ्यांत चांगले, स्वस्त आणि गल्लीतल्या दुकानात मिळणारे आहे. अन्न कापण्याचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरावे.

मुख्य स्क्रूच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब पुरतो. लायनर लॉक आणि फ्रेम लॉक (यात मुठीच्या एका बाजूचाच भाग पट्टीचे काम करतो) यांत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : पट्टीचे टोक आणि पात्याच्या बुडाचा उतार जिथे एकमेकांना टेकतात, तिथे तेल लागू देऊ नये. हा उतार साधारण 7 ते 10 अंशांचा असतो आणि पट्टी तिथे पाचरीसारखी बसते. पाचर घर्षणावर टिकते. तिथे तेल पोहोचले की जोर येताच पट्टी उतारावरून मागे सरकू शकते. तेल घातल्यानंतर खटका सुटू लागला असेल तर कारण हेच असण्याची शक्यता फार मोठी आहे. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हे दोन्ही पृष्ठभाग पुसावेत आणि पुन्हा चाचणी घ्यावी.

चौथी तपासणी : मुख्य स्क्रू

आता, म्हणजे स्वच्छता झाल्यावरच, स्क्रूला हात लावावा. मळलेल्या सांध्यात मळच वॉशरचे काम करत असतो, त्यामुळे आधी आवळलेला स्क्रू धुतल्यानंतर ढिला पडतो, आणि उलट ढिला वाटणारा कधीकधी नुसता मळाने फाकलेला असतो.

बहुतेक आधुनिक चाकूंना सहा पाकळ्यांच्या खाचेचा टॉर्क्स स्क्रू असतो, बहुधा टी 6, टी 8 किंवा टी 10 मापाचा. नेमक्या मापाचा पेचकसच वापरावा, कारण टी 8 मध्ये टी 7 घुसवून जोर लावला की पाकळ्या गोल होतात आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती अवघड होते. स्क्रू एका वेळी वर्तुळाच्या आठव्या भागाहून अधिक फिरवू नये. पाते डावी-उजवीकडे डुगडुगणे थांबेल आणि तरीही ते सहज फिरेल, अशी जागा शोधावी. स्क्रू फार आवळला तर पाते शेवटच्या थांब्यापर्यंत जोमाने पोहोचत नाही आणि पट्टी पुरेशी आत सरकत नाही. म्हणजे डुगडुग घालवण्याच्या नादात खटकाच कच्चा होतो. वर-खाली हालचाल या स्क्रूने कधीच जात नाही, हेही लक्षात ठेवावे. त्यासाठी स्क्रू आवळत राहणारे लोक शेवटी वॉशर चिरडून घेतात.

स्क्रू महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा ढिला होत असेल तर तो काढून, आटे अल्कोहोलने पुसून, त्यावर निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या गोंदाचा) अगदी छोटा थेंब लावावा आणि एक दिवस चाकू हलवू नये. लाल रंगाचा वापरू नये. तो सोडवण्यासाठी स्क्रू चांगलाच तापवावा लागतो, आणि त्या उष्णतेने मुठीचे प्लास्टिक व वॉशर दोन्ही जातात.

पाचवी तपासणी : मार्करची खूण

इथपर्यंत येऊनही खटका सुटत असेल तर तो नेमका कुठे टेकतो ते पाहावे लागते. पात्याच्या बुडाचा उतार काळ्या मार्करने रंगवावा, शाई वाळू द्यावी, पाते दहा वेळा उघडून मिटवावे आणि शाई कुठे पुसली गेली ते भिंगातून पाहावे. चांगल्या लायनर लॉकमध्ये पट्टीचा टेकलेला भाग मुठीच्या आतल्या कडेकडे, धारेच्या बाजूला असतो आणि खूण रुंद, एकसलग दिसते. एखादाच ठिपका पुसला गेला असेल तर पट्टी एका टोकावर तोलून उभी आहे असे समजावे. पिळ पडताच ती घसरणार.

त्याच वेळी पट्टी बुडाच्या रुंदीत किती आत आली आहे तेही पाहावे. नव्या चाकूत ती साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ते निम्म्यापर्यंत येते आणि झिजेबरोबर वर्षानुवर्षे पुढे सरकत राहते. मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने 1980 च्या दशकाच्या आरंभी लायनर लॉकला आजचे रूप दिले, त्यातले मर्म हेच होते की झीज झाली तरी पट्टी थोडी पुढे सरकून ती भरून काढते. परंतु सरकण्याची जागा मर्यादित असते. पट्टी पलीकडच्या लायनरला (मुठीच्या आतल्या धातूच्या पत्र्याला) जाऊन टेकली की भरून काढायला काही उरत नाही, आणि त्या दिवसापासून वर-खाली हालचाल सुरू होते.

टायटॅनियमच्या फ्रेम लॉकमध्ये उलट तक्रार येते : खटका चिकटून बसतो. टायटॅनियम कठीण पोलादावर घासताना त्याला चिकटण्याची प्रवृत्ती दाखवते. पुष्कळ उत्पादक पट्टीच्या टोकाला पोलादाचा वेगळा तुकडा बसवतात तो यासाठीच. तो तुकडा स्क्रूने लावलेला असल्याने ढिला झालेला नाही ना हे पाहावे. तुकडा नसेल तर साध्या शिसपेन्सिलीची एक हलकी रेघ बुडावर ओढून पाहावी. एकच, आणि त्यानंतर पिळण्याची चाचणी पुन्हा घ्यावी.

आडव्या दांड्याच्या खटक्याची तपासणी सोपी आहे. बेंचमेड कंपनीने 1998 मध्ये बाजारात आणलेल्या या रचनेत एक पोलादी दांडा पात्याच्या बुडावर आडवा बसतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी बारीक तारेच्या स्प्रिंगा ढकलतात. यातली एक तार थकून तुटली तरी दुसरीवर खटका चालू राहतो, पण दांडा तिरका पडतो आणि ढिला वाटतो. दोन्ही टोके समान जोराने मागे जातात का हे बोटाने तपासावे. एक तुटली असेल तर दोन्ही बदलाव्यात, कारण दोघींनी सारखेच काम केलेले असते.

लाकडी मुठीचा आणि कड्याचा चाकू

फ्रान्सच्या साव्हॉय भागातील ओपिनेल चाकूला 1955 पासून फिरते कडे आहे. ते फिरवले की पात्याची खाच बंद होते. याच्या तक्रारी आपल्याकडे पावसाळ्यातच येतात, कारण बीच लाकडाची मूठ दमट हवेत फुगते, पाते आत चेपले जाते, आणि मालक कड्यावर जोर काढतो. कड्याचा त्यात दोष नसतो. कडे उघड्या स्थितीत आणून मुठीचे मागचे टोक लाकडावर ठोकावे, पाते थोडे बाहेर येते. त्यानंतर चाकू सावलीत आठवडाभर ठेवावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला तर लाकूड तडकते. पाते उघडे असताना कडे आपोआप फिरत असेल, तर ते सर्क्लिपच्या पकडीने (कडे फाकवून काढणाऱ्या पकडीने) काढून किंचित आत दाबून पुन्हा बसवता येते.

इथे थांबावे

काही खुणा दिसल्या की घरी पुढे जाऊ नये. पट्टीच्या मुळाशी, जिथे ती वाकते, केसाएवढी जरी चीर दिसली तरी ती पट्टी संपली असे धरावे. स्टॉप पिन (उघडलेले पाते जिला टेकून थांबते ती खीळ) वाकलेली किंवा तिच्या छिद्राला लंबगोल आकार आलेला असेल, मूठ रिव्हेटने जोडलेली असेल आणि दोष आतल्या स्प्रिंगमध्ये असेल, पट्टी पलीकडच्या लायनरला टेकलेली असेल, किंवा वरील सर्व करूनही चाचणीत खटका एकदा जरी सुटला, तर चाकू उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे अथवा चाकू बनवणाऱ्या अनुभवी कारागिराकडे द्यावा. हमी चालू असेल तर चाकू पूर्ण खोलण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. काही उत्पादक खोललेल्या चाकूची हमी मानत नाहीत.

दोन गोष्टी तर कधीच करू नयेत. पात्याचे बूड कानशीने घासू नये. घासल्याने खटका क्षणभर सहज बसतो, परंतु तिथले पोलाद एकदा गेले की परत येत नाही, आणि उतार एका अंशाने जरी बदलला तरी पाचर धरत नाही. पट्टी पकडीने आत वाकवून ताण वाढवण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. ताण खरोखरच कमी असेल तर कारागीर ते मोजून करतो. झिजलेल्या टोकावर मात्र जास्त ताण दिला की झीज अधिक वेगाने होते. असे वाकवून आणलेले चाकू मला बहुधा परत द्यावे लागले आहेत, कारण मूळ दोषाची खूणच त्यात उरलेली नसते.

चाकू कारागिराकडे पाठवताना पाते मिटवून मुठीसकट चिकटपट्टीने गुंडाळावे आणि सोबत एक चिठ्ठी ठेवावी : खटका कोणत्या कामात सुटला, तेव्हा पकड कशी होती, आपण कोणते तेल घातले, कोणता स्क्रू किती फिरवला. मार्करची खूण पुसू नये, तशीच राहू द्यावी. ती पाहून त्याचा अर्धा तास वाचतो.